सतराव्या पानावरची खिडकी

मी एक जुने चित्रांचे पुस्तक आहे. माझ्यात रानातले बावीस प्राणी राहतात. त्यांतल्या एकाचे नाव मी वर्षभर चुकीचे सांगत होते, आणि ते मला ठाऊक होते. मित्रांनो, आपण चूक सांगतो आहोत हे कळावे आणि ते बोलून दाखवायला तोंड नसावे, याहून मोठी भीती पुस्तकाला नसते. तीच गोष्ट आज सांगते. भीती वाटली तर शेजारच्याचा हात धरा, पण मधेच उठून जाऊ नका.

माझी चित्रे एका बाईंनी काढली. त्यांचे लेकरू झोपले की त्या रंग घेऊन बसायच्या आणि ते जागे झाले की ब्रश पाण्यात तसाच टाकून धावायच्या. म्हणून माझ्या मोराच्या पिसाऱ्यातला एक डोळा जरा पसरला आहे. पण सापांची चित्रे काढताना त्यांनी अजिबात घाई केली नाही. खवला न् खवला मोजून काढला. त्या म्हणायच्या, "मोर चुकला तर हसतील. साप चुकून कसं चालेल?"

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. कागदाला दोन बाजू असतात. माझ्या एका कागदाच्या पुढच्या बाजूला, म्हणजे सतराव्या पानावर, कवड्या साप होता. त्याच कागदाच्या पाठीवर, अठराव्या पानावर, फणा काढलेला नाग होता. आणि नागाच्या समोर, एकोणिसाव्या पानावर, मण्यार. कवड्या बिनविषारी, घरात पाली खायला येणारा गरीब जीव. मण्यार अतिशय विषारी. पण दोघांच्याही काळपट अंगावर पांढरे पट्टे. माणसे नेहमी फसतात. म्हणूनच बाईंनी दोघांना असे मागेपुढे बसवले होते, की मुलांनी एकच पान उलटावे आणि फरक बघावा.

छापखान्यातून मी यवतमाळला आले आणि तिथून फुलसावंगीजवळच्या एका गावातल्या अंगणवाडीत. तिथे दोघीजणी काम करायच्या. सेविका दिपालीताई, आणि खिचडी शिजवणाऱ्या, मुलांचे नाक पुसणाऱ्या मदतनीस विमलताई. दिपालीताईंची मुलगी अर्पिताही तिथेच बसायची. मी आले तेव्हा ती चार वर्षांची होती आणि तिला सापच बघायचे असायचे. ससा दाखवला तर ती ओठ काढायची.

ते दिवस फार चांगले होते. खिचडीच्या पिवळ्या बोटांचे ठसे माझ्या पानापानांवर उमटले. पाहुण्या बाई तपासणीला आल्या की सगळ्यांत आधी मलाच पुढे करायचे. काम संपले की मला लोखंडी पेटीत ठेवायचे. पेटी दोन विटांवर भिंतीला लावून ठेवलेली होती आणि तिचा मागचा कोपरा गंजून फुटला होता. त्या फटीतून थोडा उजेड यायचा. मुंग्या यायच्या. एकदा एक उंदीरही आला होता.

श्रावणात कागद ओल धरतो. माझी पाने फुगायची, जागच्या जागी हलायची, आणि बंद पेटीत मला वाटायचे की माझ्यातले बावीसही प्राणी हळूहळू श्वास घेत आहेत.

त्या वर्षी नागपंचमीच्या आधीच्या दिवशी पाऊस थांबलाच नाही. फुलसावंगीचा बाजार भरला नाही, त्यामुळे भिंतीला लावायचा नागोबाचा कागद कुणालाच मिळाला नाही. विमलताईंचा जीव खालीवर होऊ लागला. पूजा उद्या; पण उद्या काही कापायचे नाही, चिरायचे नाही, विळीला हात लावायचा नाही. जे कापायचे ते आजच. मुले घरी गेली, दिपालीताई मोबाईलवर मुलांची वजने भरत बाहेर ओट्यावर बसल्या, आणि विमलताईंनी पेटी उघडून कात्री घेतली.

"देवा, माफ कर बाप्पा," त्या मला म्हणाल्या की नागोबाला, ते मला कळले नाही. त्यांनी अठराव्या पानावरचा नाग कडेकडेने, अगदी चौकोनी कापून घेतला आणि पदराखाली धरला.

त्यांना दिसला तो नाग. त्याच कागदाच्या दुसऱ्या बाजूला कवड्या होता, तो नागाच्या पाठीला चिकटून त्यांच्या घरी गेला. माझ्या सतराव्या पानावर उरली एक चौकोनी खिडकी, आणि खिडकीखाली अक्षरे: कवड्या. हा साप बिनविषारी आहे. याला मारू नका.

आणि मित्रांनो, त्या खिडकीतून पाठीमागची मण्यार डोकावू लागली.

मुलांना खिडकी आवडली. कुणी तिच्यातून हात घालायचे, कुणी डोळा लावायचे. कागद सगळीकडून फाटत चालला. दिवाळीच्या सुट्टीनंतर दिपालीताईंनी ते पाहिले. मुलांनीच फाडले असे समजून त्यांना फार वाईट वाटले. एका दुपारी, मुले झोपली असताना, त्यांनी मैद्याची खळ शिजवली. एक डोळा घड्याळाकडे, एक कान झोपलेल्या मुलांकडे. तो फाटका कागद त्यांनी मागच्या पानावर खळ लावून चिकटवून टाकला आणि वरून तळहाताने दाबला. पट्ट्यापट्ट्यांचा साप खिडकीत बरोबर मापात बसला.

"पहा बरं विमलताई, कसं फिट्ट बसलं!"

"नवं करकरीत दिसते व माय," विमलताई म्हणाल्या आणि पटकन भांड्याकडे वळल्या.

दिपालीताईंना आठवत होते की या पानावर पट्ट्यांचा साप होता. आताही पट्ट्यांचा साप होता. नावही तेच होते. त्यांनी प्रेमाने मला दुरुस्त केले, आणि त्या खळीखाली मण्यारीचे नाव, नागाचे नाव, 'विषारी' हा शब्द, 'लगेच दवाखान्यात जा' ही ओळ, सगळे गाडले गेले. त्या दिवसापासून माझ्यात विषारी साप उरलाच नाही. जिथे बघाल तिथे सगळे गरीब जीव.

त्यानंतर रोज ते घडायचे. अर्पिता मला मांडीवर घ्यायची, खिडकीवर बोट ठेवायची आणि सगळ्या मुलांना शिकवायची, "हा कवड्या. हा काहीच करत नाही. याले मारायचं नाही." सगळी मुले एका सुरात म्हणायची, "मारायचं नाही!" आणि तिच्या बोटाखालची मण्यार शांत पडून असायची. मला वाटायचे, ती ऐकते आहे. मी पान चुरगळून बघितले, वाऱ्यावर फडफडून बघितले. पण मला ज्याने उघडले त्याच्याच डोळ्यांनी मी बोलते. त्याने जेवढे पाहिले तेवढेच मी सांगितलेले असते.

वर्ष गेले. पोळा आला. तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल घेऊन मुले गावभर फिरली आणि अंगणवाडी तीन दिवस बंद राहिली. बाहेर घुंगरांचा आवाज होता. पेटीत अंधार होता.

पहिल्या दिवशी फुटक्या कोपऱ्यातला उजेड अचानक गेला. थोड्या वेळाने परत आला. मग माझ्या पाठीशी काहीतरी टेकले. थंड होते. जड नव्हते. उंदीर चुळबुळ करतो, पाल चुकचुकते. हे काहीच करत नव्हते. एखादा ओला दोर कुणी घडी करून ठेवावा तसे ते माझ्या आणि पत्र्याच्या मधे जाऊन बसले.

तीन दिवस आम्ही पाठीला पाठ लावून राहिलो. ते कोण आहे हे मला पहिल्याच दिवशी कळले. खवल्यांची ती ओळ माझ्या ओळखीची होती. एका बाईंनी ती मोजून मोजून माझ्यात काढली होती. बाहेरून एक मण्यार आणि आतून एक मण्यार, मधे माझे जाड पुठ्ठ्याचे अंग. आतली खोट्या नावाने झोपलेली, बाहेरची बिननावाची.

चौथ्या दिवशी कुलूप उघडले. चटई अंथरल्याचा आवाज आला. दुपारी, खिचडी खाऊन झाल्यावर, इवली पावले पेटीकडे आली. मित्रांनो, ती पावले मी अंधारातही ओळखते.

अर्पिताने झाकण वर लोटले आणि मला उचलून घेतले. माझ्यामागे ती पडून होती. वेटोळे घातलेली, डोके वेटोळ्याखाली लपवलेले, हलत नव्हती की फुत्कारत नव्हती.

"मम्मी! कवड्या आला! खरा कवड्या!"

तिच्या आवाजात भीतीचा लवलेश नव्हता. इतका आनंद होता, की मला वाटले आपण आत्ताच्या आत्ता जळून जावे.

विमलताई खराटा घेऊन धावत आल्या. आत बघितले आणि किंचाळल्या. "अवो बाई! साप! सरक पोरी, सरक!"

"मारू नको ना आजी!" अर्पिता पेटीच्या आणि खराट्याच्या मधे उभी राहिली. "हा काही करत नाही. पुस्तकात हाय."

"तुह्या पुस्तकाले काय करू? सरक म्हणतो ना!"

"पहाय तं खरं!" तिने मला उघडले, थेट सतराव्या पानावर, आणि दोन्ही हातांनी पेटीच्या कडेवर उभे धरले. आत खरी, वर छापलेली. तसाच काळपट रंग, तसेच पांढरे पट्टे. खाली ठळक अक्षरात: बिनविषारी.

विमलताईंचा खराटा हळूहळू खाली आला. "हो व. सेम टू सेम दिसते."

दिपालीताई ओट्यावरून आत आल्या. त्यांनी सापाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, पुन्हा सापाकडे पाहिले. त्या शिकलेल्या होत्या, विचार करणाऱ्या होत्या. त्यांनीही मान हलवली. "कवड्याच हाय. पण हात नको लावू अर्पिता, मी सूप आणते, सुपावर घेऊ अन् बाहेर सोडू."

"मी उचलतो ना मम्मी. तो झोपला हाय. पाल खाल्ली असन." अर्पिताने मला डाव्या हातात घेतले आणि उजवा हात पेटीत घातला.

एक वीत. तिचा हात आणि ते वेटोळे यांत एक वीत अंतर होते. मोठ्या माणसांसमोर, भर दुपारी, माझ्या भरवशावर ती हात पुढे नेत होती.

"अगं थांब म्हटलं ना!" दिपालीताई म्हणाल्या. पण त्यांच्या आवाजात धाक होता, घाबरणे नव्हते. अर्पिताला तो फरक बरोबर कळायचा.

तेवढ्यात दारात शमा आली. शमा तिसरीत होती. शाळेच्या मधल्या सुट्टीत ती आपल्या धाकट्या भावाला, जीशानला, घरी न्यायला यायची. तिला नुकतेच सलग वाचता येऊ लागले होते आणि दुकानाच्या पाट्यांपासून खताच्या पिशव्यांपर्यंत ती सगळे मोठ्याने वाचत फिरायची.

"शमादीदी, आजी भिऊन राह्यली," अर्पिताने हात तसाच ठेवून सांगितले. "तिले वाचून दाखव ना, कवड्या काही करत नाही म्हणून."

शमाने मला घेतले. घेतले की ती सोडत नसे, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत. तिने ओळीखाली बोट ठेवले.

"कवड्या. हा साप बिन-विषारी आहे. याला मारू नका."

"पाहा!" अर्पिता म्हणाली.

"थांब ना, अजून हाय. हा पाली व त्यांची अंडी खातो. याचे पांढरे पट्टे माने-पासून सुरू होतात व शेप-टीकडे पुसट होत जातात."

मित्रांनो, ही ओळ बारीक अक्षरात होती. वर्षभर ती तिथेच होती. चित्र इतके बोलके होते, की तिच्यापर्यंत कुणी आलेच नव्हते.

शमाने चित्राकडे पाहिले. भुवया जवळ आणल्या. "बाई, याच्या मानीले तं पट्टेच नाही. शेपटीले हाय, चकाचक."

"कोणाच्या? पुस्तकातल्याच्या?" दिपालीताईंनी विचारले.

शमाने मान पुढे करून पेटीत पाहिले. वेटोळ्याखालून मानेचा तुकडा तेवढा दिसत होता. काळा. कोराच.

"दोघायच्या बी."

दिपालीताईंनी काय केले ते मला नीट दिसले नाही. मी शमाच्या हातातून खाली पडले. मी ऐकले ते असे: फरशीवर बांगड्या फुटल्या, झाकण धाडकन आपटले, आणि अर्पिता रडू लागली. तिला काही झाले नव्हते. मम्मीने एवढ्या जोरात आपल्याला ओढले, याचे तिला रडू आले होते.

शमा धावत जाऊन तिच्या अब्बांना घेऊन आली. जहीरभाऊंचे फवारणीचे पंप आणि मोटरी दुरुस्त करायचे दुकान होते, आणि आसपासच्या गावांत साप निघाला की त्यांनाच बोलावणे यायचे. ते लांब आकडा आणि कापडी पिशवी घेऊन आले. सगळ्यांना ओट्यावर काढले. थोड्या वेळाने पिशवीचे तोंड बांधून बाहेर आले.

"मण्यार हाय ताई. दिवसा अशीच गुमान पडून राह्यते. गरीब वाटते म्हणूनच लोकं फसते. चावली तं मुंगी चावल्यावानी वाटते, कळत बी नाही. मी शिकलेला हाय, तरी आकड्याशिवाय हात लावत नाही. पोट्ट्याहो, हात लावायचा नाही अन् मारायचं बी नाही. फॉरेस्टवाल्याईले सांगून रानात सोडतो तिले."

"पण पुस्तकात कवड्या लिहिलं हाय जहीरभाऊ," दिपालीताई म्हणाल्या. "मी स्वतः पाहिलं."

जहीरभाऊंनी मला उचलले, दारातल्या उन्हासमोर धरले. उन्हात माझे जाड पान लालसर झाले आणि त्याच्या आतून उलटी अक्षरे दिसू लागली. हाडांसारखी.

"हे तं दोन पानं हाय. एकमेकाले चिकटवले. मोटरीचं बी असंच करतात लोकं, वायर बसली ना भोकात, मंग लाव! कोणी केलं हे?"

मग विमलताई खांबाला टेकून खाली बसल्या. "कापलं मी, व माय. नागोबा पायजे होता. बाजार भरला नव्हता. सांगायची लाज वाटली."

"चिकटवलं मी," दिपालीताई म्हणाल्या. "न वाचता."

त्या दोघींनी एकमेकींना दोष दिला नाही. मुले गेल्यावर खिचडीच्या रिकाम्या पातेल्यात पाणी उकळले, एकीने मला वाफेवर धरले आणि दुसरीने नखाने कड सोडवली. दुखले. नागाचे अर्धे शब्द निघून आले, मण्यारीच्या दोन ओळी पुसट झाल्या. पण तिचे नाव परत उजेडात आले, आणि 'विषारी' हा शब्दही. दिपालीताईंनी पेन घेऊन गेलेली अक्षरे पुन्हा लिहिली. मागून पांढरा पुठ्ठा लावून खिडकी बंद केली आणि त्यावर लिहिले, 'इथले चित्र हरवले आहे. खालचे वाचा.' मग त्या बराच वेळ अर्पिताला मांडीवर घेऊन बसल्या. ती केव्हाच झोपली होती, तरी तिचा उजवा हात त्यांनी सोडला नाही.

पेटीच्या कोपऱ्याला जहीरभाऊंनी पत्रा मारून दिला.

मी मात्र एकटे पडले. अर्पिता माझ्याकडे येईना. कुणी मला तिच्यासमोर ठेवले की ती हात पाठीमागे घ्यायची. "ते खोटं बोलते," एवढेच म्हणायची. मित्रांनो, मी ओल सोसली, उंदीर सोसला, कात्री सोसली. हे सोसवेना. ती म्हणत होती ते खरे होते.

दसऱ्याच्या सुमारास एका दुपारी ती आली. माझ्यापासून हातभर अंतरावर बसली. मग एका बोटाने माझे झाकण उघडले, पान न् पान उलटत सतराव्यापर्यंत आली. चित्र नव्हतेच. तिने अक्षरांकडे पाहिले आणि हाक मारली, "शमादीदी, मले 'मान' कशी लिहितात ते दाखव."

शमाने दाखवले. अर्पिताने त्या शब्दावर बोट ठेवले. मग पान उलटून त्याच्या मागे काय आहे ते पाहिले. मग त्याच्याही मागे. एकेक पान तिने उन्हासमोर धरून तपासले, दोन तर चिकटली नाहीत ना म्हणून. सशाचे, मोराचे, घुबडाचेसुद्धा.

लोकांना वाटेल, पुस्तकाला अशा संशयाचे वाईट वाटत असेल. मला वाटले, कुणीतरी मला पहिल्यांदाच वाचते आहे.

म्हणून मुलांनो, मला फाडू नका, हे तर सगळीच पुस्तके सांगतात. मी एवढेच जास्तीचे मागते. मला कापायचे असेल तर आधी कागदाची दुसरी बाजू बघा. मला चिकटवायचे असेल तर आधी वाचा, बारीक अक्षरांसकट. आणि माझ्यावर विश्वास ठेवून कशाला हात लावणार असाल, तर थांबा, आणि ज्याला माझ्यापेक्षा जास्त कळते त्याला हाक मारा.